येवल्याचा चाटू

सावळीराम पोस्टमन रिटायर झाला आणि महिन्याभरात घरच्यांना नकोसा झाला. घरच्यांना म्हणजे यशोदाबाईला, कारण पोरी सासरी गेलेल्या आणि घरात दोघंच. तीस वर्षं पिंपळगाव बसवंतच्या मळ्यामळ्यांतून सायकल हाणलेला माणूस, तो बसून बसून किती बसणार? त्यानं बायकोच्या स्वयंपाकात लक्ष घातलं. मीठ कधी पडायचं, भाकरी कधी उलटायची, चुलीतलं लाकूड कुठल्या अंगानं सरकवायचं, सगळं सांगायला लागला. चार दिवस यशोदाबाईनं ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी तिनं पिठाची परात त्याच्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "लय कळतंय ना? मग घ्या, थापा."

त्या दिवसापासून सावळीराम स्वयंपाकाच्या वाटेला गेला नाही. अंगणात लिंबाच्या सावलीला पोतं टाकून बसला आणि चाटू करायला लागला.

चाटूच का, तर त्याला कारण होतं. त्याच्या वस्तीत, पंचशीलनगरात, दर बुद्धपौर्णिमेला विहारापुढच्या मोकळ्या जागेत चर खणून चूल करायचे आणि तीनशे माणसांची खीर शिजायची. पातेलं पितळेचं, आतून कल्हई केलेलं. लोखंडी उलथणं घातलं की कल्हई खरवडून निघते, म्हणून ढवळायला लाकडी चाटू लागायचा, चांगला पुरुषभर दांड्याचा. तो वर्षभर विहाराच्या पत्र्यावर ऊन-पाऊस खात पडायचा, आणि पुढच्या पौर्णिमेला काढावा तर उभा चिरलेला, नाहीतर किड्यांनी पोखरलेला. मग नव्यासाठी गावभर पळापळ. एकोणऐंशी सालच्या मीटिंगमध्ये सावळीराम उठून म्हणाला, "उघड्यावर धा वर्षं टिकंल असा चाटू मी करून देतो." मीटिंगमध्ये स्वतःहून काम घेणाऱ्याला कुणी अडवतं का? टाळ्या वाजल्या आणि काम त्याच्या गळ्यात पडलं.

दुसरं एक कारण होतं, ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सावळीराम एका चाटूवर जळत होता. हो, चाटूवर!

यशोदाबाईच्या चुलीपाशी तो असायचा. हातभर लांब, चिंचेच्या लाकडाचा, धुरानं आणि तेलानं काळाभोर झालेला. दांडा किंचित वाकडा, पण हातात असा बसायचा की खाली ठेववत नसे. तोंडाची एक कड ढवळून ढवळून झिजलेली, दांड्यावरची एक जुनी खाच सोडली, तर बाकी कुठं चीर नाही की टवका नाही. पिठलं म्हणा, आमटी म्हणा, तीस वर्षं त्या घरातलं सगळं त्याच एका चाटूनं ढवळलं होतं. कुणी विचारलं की सावळीरामच सांगायचा, "येवल्याच्या बाजारातला हाय." पण आता तो आपला नवा चाटू घेऊन आत गेला की यशोदाबाई कमरेवर हात ठेवून नव्याकडं बघायची, मग जुन्याकडं बघायची आणि म्हणायची, "करणाऱ्याचा हात असावा तर असा." आणि वर तोंडाला पदर लावून हसायची. त्या येवल्याच्या सुताराचं नाव-गाव सावळीरामला ठाऊक नव्हतं, तरी तो त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचा.

पहिला मोठा चाटू त्यानं आंब्याच्या लाकडाचा केला. शेजारच्या लताबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या मुलीच्या लग्नात तो वरणात घातला आणि दुसऱ्याच फेऱ्याला काडकन मोडला. तोंड वरणाच्या बुडाशी गेलं. ते सापडलं नवऱ्यामुलाच्या मामाला वाढताना. मामा म्हणाला, "आमच्याकडं वरणात शेवग्याची शेंग घालत्यात, तुमच्याकडं दार-खिडक्या घालत्यात वाटतं." लताबाई आठ दिवस सावळीरामशी बोलल्या नाहीत.

दुसरा निलगिरीचा. लाकूड सरळसोट, दिसायला झकास, बांधावर फुकट मिळालं. ऐंशी सालच्या पौर्णिमेला खिरीत घातला, आणि गरम दुधात निलगिरी जे करायचं तेच तिनं केलं. सगळ्या खिरीला बामाचा वास! पोरांनी नाकं धरून वाट्या खाली ठेवल्या. एकटा सोमाबाबा, गल्लीतला जुना दमेकरी, तीन वाट्या प्यायला आणि म्हणाला, "सावळ्या, छाती कशी मोकळी झाली बघ." पण एका म्हाताऱ्याच्या छातीनं तीनशे माणसांची खीर काही वाचत नाही.

नगराची खीर वीस वर्षं यशोदाबाईच्या हातची. इतकी वर्षं कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्या दिवशी ती घरी आली, पदर खोचला आणि म्हणाली, "पुढची पौर्णिमा शेवटची. तुमच्या चाटूनं परत काही वाकडं केलं तर वाकस, पटाशी, कानस, सगळं पोत्यात बांधून भंगारवाल्याला घालायचं. कबूल?"

"कबूल," सावळीराम म्हणाला. म्हणाला खरा, पण ते सोपं नव्हतं. पत्रांची पिशवी खांद्यावरून उतरल्यापासून त्याला सकाळी उठायचं कशासाठी तेच कळेनासं झालं होतं. लाकूड तासायचा वाकस हातात आला आणि पुन्हा सहाला जाग यायला लागली. आज लाकूड कुठं तासायचं, कुठं सोडून द्यायचं, हा विचार करत तो चहा प्यायचा. ती हत्यारं गेली तर परत भिंतीकडं तोंड करून पडायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा तिसऱ्या वेळी त्यानं बाभूळ धरली. बाभळीला वास नाही, चव नाही, आणि मोडायची तर बातच नको. एकच खोड: ओली बाभूळ तशीच वापरली की तिला भुंगा लागतो. म्हणून जुनी माणसं ओंडका चार-सहा महिने पाण्यात बुडवून ठेवायची आणि मग कामाला घ्यायची. पण दिवाळीनंतर नदीला पाणी राहिलं कुठं? सावळीराम ओंडका सायकलला बांधून खंडेरावांच्या द्राक्षाच्या मळ्यात गेला.

खंडेराव म्हणजे जुनी ओळख. त्यांच्या मळ्याच्या कडेला एक दगडी हौद होता, निळ्याशार पाण्याचा. द्राक्षावरच्या फवाऱ्यासाठी त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा खार, विरघळवून ठेवायचे आणि लागेल तसा चुन्याच्या पाण्यात मिसळायचे. सावळीराम हौदाकडं बघत राहिला. त्याला एकदम सुचलं. जे पाणी द्राक्षावरची कीड मारतं, ते लाकडात भुंगा ठेवील का? दहा वर्षं काय, पन्नास वर्षं टिकेल!

"खंडेरावभाऊ, टाकू का ह्यात?"

"टाक की," खंडेराव म्हणाले. त्यांना वाटलं, कुदळीचा दांडा असेल.

म्हणजे बघा, बामाच्या वासानं पोळलेला माणूस, लाकूड हुंगून हुंगून बघणारा, आणि पाण्याचा विचार त्याच्या डोक्यालाही शिवला नाही. ओंडक्यावर धोंडा ठेवून तो शीळ घालत घरी आला. पाच महिने ओंडका त्या हौदात होता.

मार्चात काढला, सावलीत सुकवला आणि मग अंगणात रोज वाकसाचा ठकठक आवाज सुरू झाला. तोंड काढलं, गोल पटाशीनं पोकळ केलं, फुटक्या बाटलीच्या काचेनं तासून तासून गुळगुळीत केलं. बघायला गल्ली जमायची. कुणी म्हणालं, "हात सांभाळा, सावळीरामभाऊ," की तो डावा अंगठा वर करायचा. अंगठ्यावर आडवी, जुनी, पांढरी पडलेली खूण होती. "ह्या हातानं कुत्र्याच्या तोंडातनं मनीऑर्डर सोडवलीय. पिवळं कुत्रं, लांडग्याएवढं. चौदा इंजेक्शनं घेतली पोटात, चौदा!" हे कुत्रं पंचशीलनगरात सगळ्यांना पाठ होतं. तीस वर्षांपूर्वी ते म्हणे पिल्लाएवढं होतं, दरवर्षी थोडं थोडं वाढत गेलं.

चाटू मात्र झाला देखणा, खोटं कशाला बोला! पुरुषभर दांडा, सुपासारखं तोंड, आणि लाकडाला कुठं कुठं हिरवट झाक.

"बाभूळ कधी हिरवी असती का?" यशोदाबाईनं विचारलं.

"मुरल्यावर येतो रंग," सावळीराम ठोकून मोकळा झाला.

त्यानं चाटू आठ दिवस उन्हात टाकला, तडा नाही. तीन दिवस वारुळापाशी पुरला, वाळवी फिरकली नाही. शेवटी त्याला गूळ चोपडून ठेवला, तर मुंग्या लांबूनच वळल्या. "बघा! मुंगीसुद्धा लागत नाय!" तो गल्लीला दाखवत सुटला. सोमाबाबानं मान हलवली. "सावळ्या, मुंगी गुळाला नाय म्हणती म्हंजी काहीतरी गोम हाय." पण जिंकायला निघालेल्या माणसाला असलं काही ऐकू येत नाही.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी यशोदाबाईनं विहारापाशी प्लास्टिकच्या टपात कढत पाणी ओतून चाटूचं तोंड त्यात बुडवून ठेवलं. नवं लाकूड असं मुरवायचं, ही तिची रीत.

सकाळी विहारात वंदना झाली. बाहेर चूल पेटली, पातेलं चढलं, दुधात तांदूळ पडले. लताबाईंनी साखरेच्या पोत्याची शिवण विळ्यानं उसवली. विळा साखरेनं चिकट झाला म्हणून तो चाटूच्या टपात टाकून त्या वेलदोडे कुटायला बसल्या. वीस मिनिटं झाली असतील. यशोदाबाईनं हाक मारली, "आणा तुमचा चाटू!"

सावळीराम नवा सदरा घालून टपापाशी आला. खाली वाकला आणि तसाच राहिला.

पाण्यात विळा पडला होता, आणि त्याचं पातं तांबूस झालं होतं. नव्या पैशासारखं.

हे तांबूस त्यानं शंभरदा पाहिलं होतं. पत्र द्यायला गेला की खंडेराव फवाऱ्याच्या पिंपात विळा बुडवून दाखवायचे. "विळ्यावर तांबं चढलं का समजायचं, मोरचूद अजून मोकळा हाय, चुना वाढवायचा, नायतर पानं जळतील." तो निळा हौद, तो धोंडा, ते पाच महिने, सगळं सावळीरामच्या डोळ्यांपुढून गेलं.

कुणाचंच लक्ष नव्हतं. एक मन म्हणालं, विळा पुस, चाटू चार पाण्यांनी धू, एवढ्याशा ढवळण्यानं काय होतंय? हत्यारं वाचतील. दुसरं मन म्हणालं, तीनशे माणसं आहेत, त्यात पोरं आहेत, आणि सोमाबाबा तीन-तीन वाट्या पितो.

"आणताय ना?" यशोदाबाई ओरडली. "दूध बुडाला लागंल!"

सावळीरामनं विळा उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "हा चाटू खिरीत घालायचा नाय," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून परत एकदा मोठ्यानं म्हणाला. "मीच खंडेरावांच्या मोरचुदाच्या हौदात लाकूड भिजवलं. जहर उतरलंय ह्यात. चूक माझी हाय."

मग एकच कालवा. लताबाईंनी कपाळावर हात मारला. कुणी म्हणालं लोखंडी झारा आणा, कुणी म्हणालं कल्हई जाईल. सोमाबाबा चाटूपासून चार पावलं मागं सरकला. सावळीराम मान खाली घालून उभा होता. इतकं मेल्याहून मेल्यासारखं त्याला उभ्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

यशोदाबाईनं विळा हातात घेऊन उलटसुलट बघितला. ती खंडेरावांच्या मळ्यात द्राक्षाचे घड विरळायला जायची, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. आता तोफ सुटणार, असं सगळ्यांना वाटलं.

"लताबाई," ती शांतपणे म्हणाली, "माझ्या चुलीपाशी चाटू हाय, तेवढा आणा. आणि अहो, तुम्ही उभं काय राहिलात? सुतळी घ्या, चांगला बांबू घ्या. बांधा त्याला."

म्हणजे शेवटी तोच! येवल्याचा! पण दूध थांबत नव्हतं. तो खाली बसला, लताबाईंनी आणलेला काळा चाटू मांडीवर घेतला, दांडा बांबूला लावला आणि ओली सुतळी आवळायला लागला. डाव्या हातानं दाबून धरायचं, उजव्यानं वेढे द्यायचे. दाबून धरताना अंगठा आपोआप दांड्यावरच्या एका खाचेत गेला. जुनी, आडवी, तिरकी खाच. कोयता घसरून पडते तशी.

त्यानं अंगठा जरा फिरवला. लाकडातली खाच जिथं संपत होती, तिथंच अंगठ्यावरची पांढरी खूण सुरू होत होती. एका रेषेत, एका वाराची.

सावळीराम सुतळी आवळायचं विसरला.

"बसला का अंगठा जागेवर?" यशोदाबाईनं वरून विचारलं. ती तोंडाला पदर लावून हसत होती.

आणि तीस वर्षांपूर्वीची ती खोली त्याला दिसली. नवी नोकरी, नवा संसार, घरात दोन पातेली आणि ढवळायला काही नाही. ही तुरीच्या काटकीनं पिठलं ढवळत होती. ते बघवेना म्हणून त्यानं चिंचेचा तुकडा आणला, कोयता घेतला, आणि तोंड-दांडा झाला तेव्हा कोयता लाकडातून घसरला तो थेट अंगठ्यात. बायकोसाठी चाटू करताना हात कापला, हे पोस्टमास्तरांना कसं सांगायचं? सगळं ऑफिस हसलं असतं. म्हणून म्हणाला, कुत्रं चावलं. पोस्टमास्तर मोठे प्रेमळ. त्यांनी स्वतः टांगा करून सरकारी दवाखान्यात नेलं आणि रोज जातीनं हजर राहून चौदा इंजेक्शनं टोचून घ्यायला लावली. एकदा घरी आले, चुलीपाशी कोरा करकरीत चाटू बघितला, कुठला म्हणाले. सावळीराम घाबरून म्हणाला, येवल्याचा. पुढं तीस वर्षं तो हेच सांगत राहिला, सांगून सांगून ते त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. आणि पोटात चौदा सुया घेतल्यावर कुत्रं खरंच चावलं होतं असं कुणालाही वाटेल!

"म्हंजी हा मी..." तो अंगठा खाचेवर तसाच ठेवून म्हणाला.

"नाय तर काय, येवल्याहून आला उडत?" यशोदाबाईनं त्याच्या हातातून सुतळी घेतली, शेवटची गाठ स्वतः मारली आणि चाटू पातेल्यात घातला. खीर सळसळली. बुडाला काही लागलं नव्हतं.

"मग ते कुत्रं?" सोमाबाबानं विचारलं.

"कुत्रं नव्हतंच, बाबा," सावळीराम म्हणाला.

"आन् चौदा सुया?"

"त्या होत्या."

सगळं मैदान हसलं. लताबाई तर खलबत्ता सोडून हसल्या. सावळीराम मात्र बायकोकडं बघत होता. "तीस वर्षं बोलली का नाय गं?"

"आधी वाटलं, साहेबांच्या कानावर जाईल, नोकरी जाईल. मग म्हणलं, आठवंल तुमचं तुम्हाला." ती ढवळत राहिली. "मग तुम्ही त्या सुतारावर जळायला लागलात, तेव्हा लय मजा वाटायला लागली. म्हणलं, जळू द्या जरा."

त्या वर्षीची खीर सगळ्यांनी पुन्हा पुन्हा मागून घेतली. सोमाबाबानं चार वाट्या मारल्या.

दुपारी घरी आल्यावर सावळीरामनं न सांगता वाकस पोत्यात घातला, पटाशी घातली, कानस घातली. शब्द म्हणजे शब्द. तो बाभळीचा चाटू त्यानं बाजूला काढून ठेवला होता, खंडेरावांना मोरचूद ढवळायला. तिथं तो शोभणार होता आणि वर्षानुवर्षं टिकणारही होता, ह्यात काही शंका नव्हती. पोत्याचं तोंड बांधायला सुतळी शोधत होता, तोच यशोदाबाई जुना चाटू घेऊन अंगणात आली आणि त्याच्यापुढं बसली.

"हा बघा, कड झिजलीय ह्याची," ती म्हणाली. "असाच एक दुसरा पाहिजे. तीनशे माणसांचा नको. माझ्या एकटीच्या हाताचा."

सावळीरामनं तिच्याकडं बघितलं. मग पोतं तिथंच उपडं केलं. हत्यारं खणखणत बाहेर पडली. त्यानं तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला, बोटं मिटवली, उघडली, मनगटापासून करंगळीपर्यंत मोजलं, आणि हात काही सोडला नाही. कुंपणापलीकडं लताबाई उभ्या होत्या, सोमाबाबा उभा होता, आणखी चार डोकी दिसत होती.

"अहो, सोडा! लोक बघत्यात."

"बघू दे," सावळीराम म्हणाला. "माप घेतोय."